न पडलेला फासा

गुरुवारी दुपारी दिगंबररावांनी नियमांच्या पुस्तकाची शिवण उसवली आणि चार महिन्यांपूर्वी आपल्या हातून काय झालं ते त्यांना कळलं.

पुस्तक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठाच होता. त्यांच्याबरोबर रविवारी खेळणाऱ्या नेत्राला तो तिच्या मामाकडून मिळाला होता. जुन्या काळच्या एका इंग्रजी खेळाचे नियम, बारीक टाइप, दोन दोन रकाने. कुठल्याशा बाइंडरने तो काठापासून फार आत शिवला होता, त्यामुळे प्रत्येक पानाचा आतला समास शिवणीत गेला होता. पुठ्ठा सुटायला लागला तेव्हा नेत्राने गठ्ठा दिगंबररावांच्या हाती ठेवला. कराडच्या कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाने पुस्तक नीट बांधून द्यावं, यात तिला काही विशेष वाटलं नाही. दिगंबररावांना मात्र आनंद झाला होता. त्यांनी मैद्याची खळ शिजवली, जाड सुई काढली, जुना दोरा कापला आणि पानं मोकळी केली.

बेचाळिसाव्या पानावर, जिथे आजवर शिवण होती तिथे, समासात छापलेल्या दोन ओळी होत्या. त्यांनी चष्मा पुसून त्या तीनदा वाचल्या. मग आपली वही उघडली. वहीत त्याच नियमापुढे, समासात, त्यांच्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘लांबी?’

त्यांनी वही मिटली आणि खळ थंड होऊन तिच्यावर साय धरेपर्यंत तसेच बसून राहिले.

ते या खेळात आले ते वसुधामुळे. वसुधा त्यांची मुलगी, सेक्टर बत्तीसच्या रुग्णालयात डॉक्टर. पत्नी गेल्यावर तिने त्यांना कराडहून चंदीगडला आणलं. दिवसभर घरात एकटे पुस्तक घेऊन बसतात म्हणून तिला काळजी, आणि बाहेर पडलं तर कोणाशी हिंदीत बोलावं लागेल म्हणून त्यांना धास्ती. तिच्या हाताखाली शिकणारा नांदेडचा सुश्रुत एकदा जेवायला आला आणि म्हणाला, आजोबा, आम्ही चार मराठी टाळकी रविवारी दुपारी जमतो, एक खेळ खेळतो, त्याची नियमाची पुस्तकं एवढी जाड असतात. पुस्तकं जाड असतात एवढ्यावर दिगंबरराव तयार झाले.

खेळ असा, की सगळ्यांनी टेबलाभोवती बसून एक गोष्ट रचायची. नेत्रा सूत्रधार. किल्ले, जंगलं, राक्षस, दरोडेखोर हे सगळं ती सांगणार. बाकीच्यांचं एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. सुश्रुतचा एक दांडगा तलवारबाज होता. सलोनीची मैना नावाची भालाईत होती. दिगंबररावांनी नागोजी नावाचा काठीवाला बैरागी घेतला. पहिल्या दिवशी नेत्राने विचारलं, नागोजी काय करतोय, तेव्हा ते म्हणाले होते, “तुमचं होऊ दे आधी.” तेव्हापासून वर्षभर नागोजी हेच म्हणत आला होता. सुश्रुत त्याला ‘आधीराव’ म्हणायचा.

नियम मात्र त्यांच्याकडे आले. इंग्रजी गठ्ठा वाचायचा कोणालाच धीर नव्हता. दिगंबररावांनी तो वाचून दोनशे पानी वहीत मराठीत उतरवला, अनुक्रमणिकेसकट. ‘वहीत काय आहे?’ एवढं विचारलं की टेबलावरचा वाद मिटायचा. शिवाय प्रत्येक रविवारचं टिपणही तेच ठेवत, आणि पुढच्या रविवारी खेळ सुरू होण्याआधी ते वाचून दाखवत. टेबलावर त्यांचा आवाज ऐकू यायचा तो एवढाच.

जुलैत खारगडाच्या दारावर मैना मेली. दारात एक सुरेवाला मारेकरी उभा होता. सुश्रुत म्हणत होता, थांब, मी दोन फेऱ्यांत पोचतो. सलोनी म्हणाली, तेवढ्यात तो आत जाऊन दार लावेल. मैना भाला रोखून धावली. दोन्ही बाजूंनी सहापैलू फासे पडले: ज्याचा अंक मोठा त्याचा वार आधी. चार आणि चार. बरोबरी.

नेत्राने विचारलं, वहीत काय आहे? दिगंबररावांनी वाचलं: बरोबरी झाल्यास शस्त्राचा वेग पाहावा. अंक लहान, तितकं शस्त्र चपळ. सुरा दोन, भाला सहा. म्हणजे मारेकऱ्याचा वार आधी. नेत्राने वीसपैलू फासा टाकला. सतरा. सुरा लागला, आणि मैनेत तो सोसण्याइतका जीव उरला नव्हता.

वाचताना त्यांच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. मूळ गठ्ठ्यात तिथे शिवणीतून अर्धा शब्द डोकावत होता, लांबीबद्दल काहीतरी. लिहितानाही तो त्यांना खटकला होता, म्हणून तर समासात पेन्सिलीने प्रश्न टाकला होता. पण सगळे फाशाकडे बघत होते. आपल्या शंकेपायी खेळ कशाला अडवायचा, आणि आपलीच समजूत चुकीची असली तर, असा विचार करेपर्यंत नेत्राने फासा टाकलाही होता.

आता शिवण सुटली होती. त्या दोन ओळींचा अर्थ अगदी सरळ होता. दोघांपैकी कोणी त्याच फेरीत धावत येऊन भिडत असेल तर वेग पाहायचा नाही. शस्त्र ज्याचं लांब, त्याचा वार आधी. भाला आठ फूट. सुरा दीड.

मैनेचा वार आधी होता.

संध्याकाळी वसुधा आली तेव्हा त्यांनी तिला हे सगळं सांगितलं. तिने चहा घेत शांतपणे ऐकलं, आणि शेवटी म्हणाली, बाबा, पण मैना म्हणजे कागदावरची ना? ते हो म्हणाले. तिला सांगायचं राहिलं ते वेगळंच होतं. मैना कागदावरची होती, पण सलोनी नव्हती. वर्ध्याची ही मुलगी आयटी पार्कात नोकरीला होती, पहिले सहा महिने टेबलावर सगळ्यात मोठ्याने हसणारी. मैना गेल्यावर तिने एक वैदू घेतली, गोफणवाली. ती वैदू कायम सगळ्यांच्या मागे. दार उघडायचं असो, पूल ओलांडायचा असो, सलोनी म्हणायची, मी मागे थांबते. एकदा सुश्रुतने चिडवलं तेव्हा म्हणाली, एकदा पुढे गेले होते ना, पाहिलं काय झालं ते. आणि गठ्ठा देताना नेत्राने सहज सांगितलं होतं, की सलोनी या रविवारनंतर येणार नाही म्हणतेय. नुसतंच मागे उभं राहायला रविवार कशाला घालवायचा, असं तिचं म्हणणं.

मागे उभं राहण्यात काय असतं हे दिगंबररावांना कोणी सांगायला नको होतं. सत्तर वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण ते त्यांच्या स्वभावाने. हिला मात्र त्यांनी शिकवलं होतं, एक वाक्य गिळून.

त्यांनी फोन घेतला आणि नेत्राला लिहायला बसले. ‘एक किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं आणि पुसलं. ‘माझ्या समजुतीप्रमाणे, चूकभूल द्यावी’ लिहिलं, तेही पुसलं. असं फोनवर लिहून हे जायचं नाही. लिहिलं की नेत्रा ‘बरं आजोबा, पुढच्या वेळी लक्षात ठेवू’ म्हणणार आणि एक अंगठा पाठवणार. टेबलावरच बोलायला हवं होतं, सलोनीसमोर, आणि याच रविवारी.

त्यांनी शुक्रवारी पुस्तक शिवलं, यावेळी काठाला अगदी धरून. शनिवारी जुलैचं टिपण काढून त्या फेरीतला प्रत्येक अंक तपासला. आणि रविवारी दुपारी सुश्रुतच्या स्कूटरवर मागे बसले. नोव्हेंबरचं कोवळं ऊन होतं, चौकाचौकांतली शेवंती फुलली होती. सुश्रुत रात्रपाळीच्या गमती सांगत होता. दिगंबरराव मनात एकच वाक्य घोळवत होते. नेत्रा राहायची त्या एअरोसिटीत शिरेपर्यंत ते पाच वेळा बदललं.

“आधीराव, आज गप्प गप्प?” सुश्रुतने विचारलं.

“मी बोलतो कधी?”

“तेही खरंच म्हणा.”

नेत्राच्या घरी टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि ताटलीत चिवडा. सलोनी कोपऱ्यातल्या खुर्चीत. तिने आजोबांसाठी नेहमीप्रमाणे पाठीला उशी लावून ठेवली होती. त्यांना ते बघवलं नाही. नवं शिवलेलं पुस्तक हातोहात फिरलं, कौतुक झालं, आणि नेत्रा आपले फासे आणि कागद झाकायचा पुठ्ठ्याचा पडदा उभा करत म्हणाली, हं आजोबा, मागचं टिपण.

त्यांनी वही उघडली. ती टेबलावर सपाट ठेवली.

“मी मागच्या रविवारचं वाचणार नाहीये,” ते म्हणाले. “मी सतरा जुलैचं वाचणार आहे.”

आणि त्यांनी वाचलं. दार, मारेकरी, धावत आलेली मैना, चार आणि चार. मग पुस्तकाचं बेचाळिसावं पान उघडून त्या दोन ओळी इंग्रजीत वाचल्या आणि मराठीत सांगितल्या. भाला आठ फूट, सुरा दीड. मैनेचा वार आधी होता. तो कधी झालाच नाही.

सुश्रुतने पुस्तक ओढून घेतलं, बोट फिरवत वाचलं आणि हलकेच शीळ घातली. नेत्रा म्हणाली की हे शिवणीत गेलं होतं म्हणजे यात कोणाचीच चूक नाही. यापुढे असंच धरू, पक्कं. आणि ती नकाशाकडे वळली.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. दिगंबररावांना ते स्पष्ट दिसत होतं. नेत्राने त्यांना अगदी सोयीचं दार उघडून दिलं होतं.

“शिवणीत पूर्ण गेलं नव्हतं,” ते म्हणाले. “अर्धा शब्द दिसत होता. मला त्या दिवशी शंका आली होती. मी बोललो नाही.”

सलोनीने पहिल्यांदा वर पाहिलं. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. शंका होती.”

“मग विचारायचं ना, आजोबा. फासा पडायच्या आधी विचारायचं. एक मिनिट लागलं असतं.”

“हो.”

“मी चार महिने स्वतःला मूर्ख म्हणतेय यार.” तिने खुर्ची थोडी मागे सरकवली. तिच्या बोलण्यात राग होता, आणि तो त्यांनी ऐकून घेतला. सुश्रुत काहीतरी विनोद करायला गेला आणि त्यांच्याकडे बघून थांबला.

मग सलोनीच म्हणाली की जाऊ दे, झालं ते झालं, तिचा तसाही आज शेवटचा रविवार आहे. नेत्राने लगेच दुजोरा दिला. या चार महिन्यांची सगळी गोष्ट मैनेच्या मरणावर उभी होती. तिची समाधी झाली होती, खारगडाच्या राजाने तिच्या नावाने शपथ घेतली होती. शिवाय वहीच्या पहिल्याच पानावर, आजोबांच्याच अक्षरात, टेबलाचा पहिला नियम होता. नेत्राने तो पाठ म्हणून दाखवला: पडलेला फासा परत उचलायचा नाही.

“मी उचलायला सांगतच नाहीये,” दिगंबरराव म्हणाले.

त्यांनी शनिवारी तयार केलेला कागद नकाशावर ठेवला. त्यावर त्या फेरीतले अंक होते. “मैनेचे चार राहू देत. त्याचे चार राहू देत. त्याच्या सुऱ्याचे सतरा, तेही राहू देत; तो फासा पडलाय. पण मैनेचा वीसपैलू त्या दिवशी टाकलाच नाही. जो पडलाच नाही, तो पहिल्या नियमात येत नाही. तो आपल्याकडून टाकायचा राहिलाय. तेरा किंवा वर पडलं तर भाला लागतो. लागला तर मारेकरी जागीच पडतो, त्याच्या जिवाचे चारच गुण उरले होते आणि भाल्याचा कमीत कमी मार चार. मग सतरा असून सुरा चालतच नाही. नाही लागला, तर सगळं आहे तसं.”

“आणि लागला तर माझी चार महिन्यांची गोष्ट?” नेत्राने विचारलं.

“तर ती आपण चौघं मिळून सावरू. मी टिपणं नव्याने लिहीन. सगळी.”

नेत्रा म्हणाली, आजोबा, तुम्ही आज ऐकणार नाही असं दिसतंय. ते म्हणाले, नाही. हा शब्द त्यांनी या टेबलावर कधी वापरल्याचं कोणालाच आठवत नव्हतं, त्यांनाही नाही. सुश्रुतने हात वर केला: माझं मत आजोबांना. नेत्राने सलोनीकडे पाहिलं.

सलोनीने पिशवीत हात घालून तळातून एक फासा काढला. निळा, मैनेचा. त्या दिवसापासून तिने तो वापरला नव्हता. वैदूसाठी दुसरा घेतला होता. फेकून मात्र दिला नव्हता.

नेत्राने पडदा बाजूला केला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. सलोनीने फासा मुठीत धरला, मैना ज्या वाक्यावर धावली होती तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेवढ्यात तो आत जाऊन दार लावेल, आणि फासा सोडला. तो चिवड्याच्या ताटलीला आपटला आणि नकाशाच्या कडेला थांबला.

नऊ.

दिगंबररावांना वाटलं, आपण या मुलीला दुसऱ्यांदा मारलं. कशासाठी हा हट्ट केला? त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली आणि ती नीट पडेना.

सलोनी त्या नऊकडे बघत होती. “आजोबा,” ती म्हणाली, “एक सांगा. भाला लांब, सुरा आखूड. म्हणजे धावत जाणं हेच बरोबर होतं ना? थांबून, भिडल्यावर बरोबरी झाली असती तर सुराच आधी आला असता.”

दिगंबररावांनी घडी खाली ठेवली. त्यांनी हे असं मांडून पाहिलंच नव्हतं. त्यांनी मनाशी एकदा तपासलं, सवयीने दुसऱ्यांदाही तपासलं.

“बरोबर होतं,” ते म्हणाले. “भालाईताने धावूनच जायला हवं. त्या दिवशी दारात त्याहून चांगली चाल नव्हती. फासा मनासारखा पडला नाही, एवढंच.”

“मनासारखा फासा तर कोणाचाच पडत नाही,” सलोनी म्हणाली. “सुश्रुतचा तर कधीच पडत नाही.”

“झालं, आलो मी मध्ये,” सुश्रुत म्हणाला.

ती हसली. जुलैच्या आधीइतकं मोठ्याने नाही, पण हसली. मग तिने खुर्ची टेबलाला लावली आणि विचारलं की मैनेचा भाला कुठे आहे. सुश्रुत म्हणाला, कुठे असणार, माझ्या तलवारबाजाच्या पाठीवर. चार महिने नुसता वाहतोय, वापरता येत नाही आणि टाकवत नाही. सलोनी म्हणाली, दे इकडे. नेत्राने भुवया उंचावल्या, वैदूला भाला धरता येतो का ते आजोबांना विचारलं. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली. येतो, फक्त नेम थोडा कच्चा. चालेल, सलोनी म्हणाली, आणि निळा फासा आपल्यासमोर ठेवला. पुढच्या रविवारबद्दल कोणी काही विचारलं नाही.

खेळ सुरू झाला. मागच्या वेळी ते एका तळघराच्या दारापाशी येऊन थांबले होते. आतून साखळी ओढल्याचा आवाज येत होता. नेत्राने आवाज खाली आणला आणि विचारलं, दारातून आधी कोण जातंय?

“मी,” सलोनी म्हणाली.

“मी,” दिगंबरराव म्हणाले.

दोघांचं एकदमच झालं. सुश्रुतने, जो नेहमी न विचारताच आधी जायचा, एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं. नेत्रा पडद्यावरून डोकावत म्हणाली, ही तर बरोबरी झाली. आता?

सगळ्यांना वाटलं, आजोबा आता त्यांचं ते वाक्य म्हणणार. ते ओठांवर आलंही होतं. दिगंबररावांनी ते बाजूला ठेवलं, वही ओढली आणि बोट ठेवून वाचलं.

“धावत जायचं आहे, म्हणजे लांबी पाहायची. काठी सहा फूट. भाला आठ.” त्यांनी चष्मा वर केला. “सलोनी आधी. तिच्या मागोमाग लगेच मी. सुश्रुत, तू आमच्या मागे.”

मग त्यांनी पेन्सिलीने लिहिलेला तो शब्द खोडरबराने पुसला आणि त्या जागी शाईने, सुवाच्य अक्षरात, दोन्ही ओळी लिहायला घेतल्या. सलोनी फासा हलवत त्यांचं लिहून व्हायची वाट बघत होती. ते म्हणाले, थांबू नकोस, टाक.